गाडी हरवली नाही, प्लॅटफॉर्म बदललाय!

पार्टिशनचा साइज बदलला आणि कम्प्युटर सुरूच होईना? फॉरमॅट मारण्याआधी जरा थांबा. तुमचा डेटा बहुधा जागच्या जागी आहे.

काळी स्क्रीन. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत दोन ओळी. पहिली, 'एरर : नो सच पार्टिशन'. दुसरी, 'ग्रब रेस्क्यू'. त्यापुढे लुकलुकणारा कर्सर. ना विंडोज, ना लिनक्स, ना माउसचा बाण. एकाच लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदवणाऱ्या बऱ्याच जणांना कधी ना कधी ही स्क्रीन दर्शन देते. आणि मुहूर्त तरी कसला निवडते? रविवारी रात्री, जेव्हा सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन असतं!

ड्युअल बूट ही काही आजची फॅशन नाही. १९९६ साली 'पीसीक्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली, तेव्हापासून आपल्याकडची पोरं विंडोजच्या शेजारी लिनक्सला खोली भाड्याने देत आली आहेत. उबुंटूच्या सीडी तर २०११पर्यंत चक्क पोस्टाने घरपोच फुकट यायच्या. मधल्या काळात हा नाद जरा ओसरला होता. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि चित्र बदललं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सिक्युरिटी सोय लागते, शिवाय प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो. मग आठ-दहा वर्षांचा, पण ठणठणीत लॅपटॉप टाकून कशाला द्यायचा? जुनी विंडोज राहू दे, बाजूला लिनक्स टाकू, नेटची कामं त्यात करू. फंडा एकदम बरोबर!

गडबड होते ती सहा महिन्यांनी. लिनक्सला दिलेली जागा कमी पडायला लागते. मग एका निवांत दुपारी माणूस पार्टिशनच्या भिंती सरकवायला घेतो.

मोहन्यातला रविवार

माझ्या मावसभावाने अशाच एका रविवारी भिंती सरकवल्या. तो राहतो मोहन्याला. कल्याणच्या पुढे कसारा लाइनवर शहाड, मग आंबिवली आणि तिथून रिक्षा. मोहन्यात 'कंपनी' म्हटलं की नाव सांगावं लागत नाही. एनआरसीचा रेयॉनचा कारखाना २००९मध्ये बंद झाला, तरी इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'कंपनी' अजून चालूच असते. काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची, उभी हयात तिथेच गेली.

काकांची एक निळी फाइल होती. पगाराच्या स्लिपा, पीएफचे कागद, नोकरीचे दाखले. २६ जुलै २००५च्या पुरात ती भिजली. कागद वाळले, पण शाई दर वर्षी फिकी होत गेली. काही वर्षांपूर्वी भावाने जे वाचता येत होतं ते सगळं स्कॅन करून लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर ठेवलं. आज मूळ कागदापेक्षा स्कॅनच जास्त स्पष्ट दिसतो. पेन्शनच्या कामासाठी त्यातले काही कागद सोमवारी द्यायचे होते. आणि रविवारी दुपारी चार वाजता मावशीचा मला फोन, "अगं, लवकर ये बाई. ह्याने लॅपटॉपचं काहीतरी करून ठेवलंय, आणि हे सकाळपासून जेवले नाहीत!"

मी पोचले तेव्हा भाऊ खाली मान घालून बसला होता. स्टेशनजवळच्या एका रिपेअरवाल्याला तो फोन करून मोकळा झाला होता. त्याचा सल्ला तीन शब्दांचा. 'फॉरमॅट मारावं लागेल.' काका काही बोलत नव्हते. त्यांचं ते न बोलणं भावाला जास्त लागत होतं.

"तू नेमकं काय केलंस?" मी विचारलं.

"ताई, विंडोजला हातही लावला नाही गं. डी ड्राइव्ह रिकामा होता, तो डिलीट केला आणि ती जागा लिनक्सला जोडली. दीड तास चाललं होतं, शेवटी 'सक्सेसफुल' आलं. रीस्टार्ट केला आणि हे!"

त्याचा शब्द न् शब्द खरा होता. आणि गंमत अशी, की त्याच्या या दोन वाक्यांतच सगळं निदान होतं.

दादरचा फंडा

तुम्ही सेंट्रलने येत-जात असाल, तर हे लगेच कळेल. ९ डिसेंबर २०२३ला दादरचे प्लॅटफॉर्म नंबर बदलले, आठवतंय? वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले आणि सेंट्रलच्या बाजूला ८ ते १४ आले. सेंट्रलचा एक नंबर रातोरात आठ नंबर झाला. प्लॅटफॉर्म इंचभरही हलला नाही, गाड्या त्याच रुळांवरून धावत होत्या. पण डोक्यात जुना नंबर घेऊन निघालेला माणूस पुलावरच गोंधळून उभा!

हार्ड डिस्कवर नेमकं हेच होतं. जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइट्सचा एक चिमुकला कप्पा असतो. त्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. ही व्यवस्था १९८३ची, आयबीएम पीसीच्या डॉस २.०च्या काळातली. त्यातले ४४६ बाइट्स कम्प्युटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट्स पार्टिशनच्या यादीसाठी आणि २ बाइट्स सहीशिक्क्यासाठी. यादीत जागा फक्त चार नावांना. जास्त पार्टिशन हवी असतील, तर चारातल्या एकाला 'एक्स्टेंडेड' करायचं आणि त्याच्या पोटात आणखी खोल्या पाडायच्या. या आतल्या खोल्यांचे नंबर पाचपासून सुरू होतात.

भावाच्या डिस्कवर डी ड्राइव्ह होता पाच नंबरला, लिनक्स सहा नंबरला. पाच नंबर डिलीट झाला आणि सहाचा आपोआप पाच झाला. चाळीतली एक खोली पाडली, की पुढच्यांचे नंबर एकेकाने मागे सरकावेत, तसंच.

आता या सगळ्याचा वॉचमन म्हणजे 'ग्रब'. लॅपटॉप सुरू झाल्यावर 'विंडोज की लिनक्स?' असा मेन्यू दाखवतो तोच हा. त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला असतो, पण बाकीचं सामान लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. पहिल्या तुकड्याच्या डायरीत पत्ता लिहिलेला, 'सहा नंबर'. सहा नंबरला गेला, तर तिथे त्याचं सामानच नाही! बिचारा दारातच बसून राहिला. आणि विंडोजकडे जाणारा रस्ताही त्याच्याच दारातून असल्यामुळे हातही न लावलेली विंडोजसुद्धा अडकली.

थोडक्यात काय, तर डेटा गेलेला नसतो, पत्ता बदललेला असतो. आणि रिपेअरवाल्याचं फॉरमॅट म्हणजे पाटी चुकली म्हणून अख्खी इमारत पाडणं.

आधी कागद, मग कर्सर

अशा वेळी पहिला नियम म्हणजे दुरुस्ती नंतर, डेटा आधी. माझ्या बॅगेत लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह होता. लाइव्ह म्हणजे काहीही इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारा. लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची की दाबायची, पेनड्राइव्ह निवडायचा आणि 'इन्स्टॉल'च्या आयकॉनकडे ढुंकूनही बघायचं नाही. ही की बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते.

पाच मिनिटांत डेस्कटॉप आला. फाइल मॅनेजरमध्ये सी ड्राइव्ह दिसला. त्यात फोल्डर, फोल्डरमध्ये काकांची १९८०च्या दशकातली पगाराची स्लिप, पुराच्या पाण्याच्या डागासकट. काका खुर्चीवरून उठून मागे येऊन उभे राहिले. "हीच," एवढंच म्हणाले आणि मावशीला म्हणाले, "वाढ आता."

सगळं फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी केलं. दोन-चार फाइल उघडून खात्री केली. आता पुढे काहीही बिघडलं असतं, तरी सोमवारचं काम अडणार नव्हतं. त्यानंतर डोकं शांत ठेवून काम करता येतं, हा त्यातला खरा फायदा.

मग पेनड्राइव्ह काढून पुन्हा त्या काळ्या स्क्रीनसमोर. इथे फार थोड्या कमांड चालतात, पण तेवढ्या पुरतात. कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. इथे त्यांचा उच्चार देते.

पहिली कमांड 'एलएस'. म्हणजे 'काय काय दिसतंय ते सांग'. ग्रबने यादी दिली. एचडी०, मग एचडी०,एमएसडॉस१ आणि अशीच पुढची नावं. या प्रत्येकाच्या पोटात डोकवायचं. एलएस, स्पेस, कंसात ते नाव आणि कंसाबाहेर तिरकी रेघ. विंडोजच्या पार्टिशनवर उत्तर आलं, 'अननोन फाइलसिस्टिम'. हे वाचून भावाचा चेहरा पडला. पण टेन्शन नाही! ग्रबच्या या अर्धवट अवस्थेत विंडोजची भाषा त्याला येतच नसते. 'ओळखत नाही' म्हणजे 'बिघडलंय' असं नाही. पाच नंबरवर मात्र बूट, होम, ईटीसी अशी ओळखीची नावं झरझर आली. सापडला पत्ता!

पुढच्या चार ओळी अशा. 'सेट रूट' बरोबर पाच नंबरचं पार्टिशन. 'सेट प्रीफिक्स' बरोबर त्याच पार्टिशनमधलं बूट फोल्डर आणि त्यातलं ग्रब फोल्डर. मग 'इन्समॉड नॉर्मल'. शेवटी नुसतं 'नॉर्मल'. एंटर मारला आणि नेहमीचा मेन्यू हजर. विंडोज, लिनक्स, दोघेही जागेवर.

पण इथेच थांबलात तर फसाल. ही सगळी तोंडी माहिती झाली, रीस्टार्ट केल्यावर ग्रब ती विसरतो. म्हणून लिनक्स सुरू करून टर्मिनलमध्ये दोन कमांड द्यायच्या. पहिली 'सुडो ग्रब-इन्स्टॉल', पुढे डिस्कचं नाव, भावाच्या लॅपटॉपवर '/डेव्ह/एसडीए'. इथे अख्ख्या डिस्कचं नाव द्यायचं, शेवटी पार्टिशनचा नंबर लावायचा नाही. दुसरी 'सुडो अपडेट-ग्रब'. वॉचमनच्या डायरीत नवा पत्ता पक्क्या शाईने लिहिला गेला. पहिल्या एलएसपासून इथपर्यंत जेमतेम वीस मिनिटं. दोनदा रीस्टार्ट करून बघितलं, दोन्ही वेळा मेन्यू आला.

तुमचा लॅपटॉप नवा आहे?

मग कथा थोडी वेगळी. नव्या लॅपटॉपवर यूईएफआय आणि जीपीटी ही जोडी असते. जीपीटीच्या यादीत सहसा १२८ पार्टिशनची सोय असते आणि मधलं एक काढलं तरी बाकीच्यांचे नंबर आपोआप सरकत नाहीत. बूटच्या फाइल ईएफआय नावाच्या वेगळ्या छोट्या पार्टिशनमध्ये राहतात. विंडोज तिथे बऱ्याचदा १०० एमबीच जागा घेते. रिकामं दिसतंय, ड्राइव्ह लेटरही नाही, म्हणून साफसफाईच्या भरात ते उडवू नका!

इथे बिघाडाचा चेहरा बघून रोग ओळखता येतो. लिनक्सचा मेन्यूच न येता थेट विंडोज सुरू होते? बहुधा बूटचा क्रम बदललाय. सेटिंगमध्ये जाऊन लिनक्सला वर आणा. लिनक्स सुरू होताना दीड मिनिट अडकून बसतं? रिकामी जागा जमवताना स्वॅप पार्टिशन डिलीट करून नवीन केलं असेल, तर त्याचा ओळखक्रमांक बदलतो आणि लिनक्स जुन्याची वाट बघत राहतं. ईटीसीमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये नवा क्रमांक लिहिला की झालं. विंडोज निळ्या स्क्रीनवर ४८ आकड्यांची की मागते? ते बिटलॉकर. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असू शकते, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडे. ती की नसेल, तर मात्र कुठलाही लाइव्ह पेनड्राइव्ह तो ड्राइव्ह उघडू शकत नाही.

आणि समजा खरंच पार्टिशनची यादीच उडाली, तर? 'टेस्टडिस्क' नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्क चाळून हरवलेली पार्टिशन शोधून देतं. अट एकच, मधल्या काळात त्या डिस्कवर काही नवीन लिहायचं नाही. म्हणूनच घाईघाईत विंडोज पुन्हा इन्स्टॉल करणं सगळ्यात महागात पडतं.

मोठ्यांच्या घरीही हेच

हे आपल्यालाच होतं, असं वाटून घेऊ नका. जानेवारी २०२४मध्ये विंडोज १०चं एक सिक्युरिटी अपडेट असंख्य कम्प्युटरवर अडकून बसलं. कारण? रिकव्हरी पार्टिशन लहान पडत होतं. त्यावर मायक्रोसॉफ्टने दिलेला उपाय होता, पार्टिशन २५० एमबीने स्वतःच वाढवा. म्हणजे ज्यांनी आयुष्यात पार्टिशन हा शब्द ऐकला नव्हता, त्यांच्याही हातात हातोडा! पुढे ऑगस्ट २०२४मध्ये आणखी एका अपडेटने अनेक ड्युअल बूट कम्प्युटरवर लिनक्सला दारातच अडवलं. स्क्रीनवर संदेश आला, 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग'. त्यावरचा कायमचा उपाय मे २०२५मध्ये आला. तिथेही लोकांच्या फाइल शाबूत होत्या. अडला होता तो फक्त दरवाजा.

भिंत सरकवण्याआधी

रविवारचा घोळ टाळायचा असेल, तर हे सात फंडे फ्रीजवर चिकटवून ठेवा.

१. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेला बॅकअप म्हणजे डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात.

२. लाइव्ह पेनड्राइव्ह आधी बनवा आणि तो सुरू होतोय ना, हे बघून घ्या. लॅपटॉप बंद पडल्यावर बनवायचा तर शेजाऱ्याचा लॅपटॉप मागावा लागतो.

३. पार्टिशनच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढा. कुठल्या नंबरवर काय होतं, हे नंतर तोच सांगतो.

४. विंडोजची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटने कमी करा, लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्हवरून. ज्याचं घर त्यानेच आवरावं.

५. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून कम्प्युटर पूर्ण शटडाउन करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपेत राहते आणि लिनक्सची टूल्स त्या पार्टिशनला हात लावायला नकार देतात. बिटलॉकर असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि ४८ आकड्यांची की कागदावर लिहून ठेवा.

६. पार्टिशनचा शेवट आत घेणं तुलनेने सोपं. सुरुवात सरकवायची, तर आतला सगळा डेटा उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो, त्याला तास लागतात. तेवढ्यात लाइट गेली, तर अर्धं सामान जुन्या घरात, अर्धं नव्या! लॅपटॉपची बॅटरी धड असल्याशिवाय आणि चार्जर लावल्याशिवाय सुरूच करू नका.

७. रविवारी रात्री करू नका. शुक्रवारी रात्री करा, म्हणजे निस्तरायला अख्खा वीकेंड हाताशी.

काकांचे कागद सोमवारी वेळेवर पोचले. भावाने त्याच आठवड्यात एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली आणि तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फाइल – निळी'.

बाकी, लॅपटॉप हजारो रुपयांत नवा मिळतो. विंडोज नव्याने टाकता येते, लिनक्स तर फुकटच आहे. पुन्हा मिळत नाही ती कुणाच्या तरी उभ्या हयातीची भिजलेली स्लिप. म्हणून पुढच्या वेळी कुणी तीन शब्दांत 'फॉरमॅट मारावं लागेल' म्हणालं, तर तुम्ही दोन शब्दांत उत्तर द्या. 'जरा थांबा!'